प्रतिमाशुद्धी आणि पाठशुद्धी : जुन्या पोथ्या व छापील ग्रंथांच्या स्कॅनिंगचा विचार

१. प्रास्ताविक

संहितानिश्चिती हे वाङ्मयाभ्यासाचे पायाभूत कार्य होय. हे कार्य करताना संशोधकाच्या हाती प्रत्यक्ष पोथी असते, असे पूर्वी गृहीत धरले जात असे. आज तसे धरता येत नाही. पोथी जीर्ण असते, ग्रंथालय दूर असते, आणि एकदा पृष्ठांचे स्कॅनिंग झाले की मूळ प्रत हाताळण्याची अनुमती सहसा मिळत नाही. परिणामी, संगणकाच्या पडद्यावरील प्रतिमा हीच अभ्यासकाची 'प्रत' ठरते. म्हणून लेखनिकाविषयी आपण जो प्रश्न विचारतो तोच या प्रतिमेविषयीही विचारला पाहिजे : मुळात काय होते, आणि नक्कल होताना काय बदलले?

स्कॅनिंगनंतर प्रतिमेचा दर्जा व रंग सुधारले जातात. हे काम तांत्रिक समजून यंत्रचालकाकडे सोपविले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही सुधारणा म्हणजे संपादनच आहे. त्यामुळे तिला संपादनाची शिस्त लागू झाली पाहिजे.

२. यंत्राचे दोष आणि वस्तूचे गुणधर्म

प्रतिमेत दिसणाऱ्या वैगुण्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग यंत्राने निर्माण केलेल्या दोषांचा : पृष्ठ तिरपे येणे, दिव्याच्या प्रकाशामुळे सर्व पृष्ठावर निळसर किंवा पिवळसर झाक येणे, बांधणीजवळ सावली पडणे, काचेवरील धुळीची रेघ उमटणे. दुसरा वर्ग वस्तूच्या स्वतःच्या गुणधर्मांचा : कागदाचा पिवळेपणा, पाण्याचे डाग, कसरीची छिद्रे, मागील बाजूची उमटलेली शाई, समासातील खुणा. पहिल्या वर्गातील दोष दूर करणे योग्यच आहे, कारण ते मूळ पृष्ठावर नसतात. दुसऱ्या वर्गातील गोष्टी डोळ्यांना खटकतात, तरी त्या साक्षीदार आहेत. संगणकावरील 'स्वयंचलित सुधारणा' मात्र हा भेद जाणत नाही. तिच्या लेखी पिवळेपणा म्हणजे दोष आणि एकटा ठिपका म्हणजे धूळ.

३. रंगाची साक्ष

आपल्या पोथ्यांत रंग केवळ शोभेसाठी येत नाही. चुकलेला मजकूर रद्द करण्यासाठी लेखनिक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि पुष्कळदा त्यावरच शुद्ध अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार या प्रथेची आठवण आजही टिकवून आहे. दंड, अध्यायसमाप्तीचा मजकूर किंवा 'उवाच' यांसारखी पदे अनेक पोथ्यांत हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहिलेली असतात.

अशा पृष्ठाची करड्या छटांतील प्रतिमा घेतली की पिवळा हरताळ जुन्या कागदाच्याच उजळपणाचा दिसू लागतो आणि लेपाची कड नाहीशी होते. दुरुस्त केलेले अक्षर मग पहिल्याच हाताने, विनासायास लिहिलेले भासते. लेखनिकाने आधी कोणता पाठ लिहिला होता, हा पाठचिकित्सेतील मोलाचा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. तांबड्या शाईचा प्रकार याहून गंभीर आहे. कार्यालयीन कागदपत्रांसाठी बनविलेल्या काही स्कॅनरमध्ये छापील नमुन्याच्या तांबड्या रेषा गाळण्याची सोय असते. ती चुकून चालू राहिली तर हिंगुळाने लिहिलेला मजकूर कागदात विरून जातो आणि अभ्यासक त्या जागी रिकामी जागा नोंदवतो.

शाईच्या छटेतही माहिती असते. बोरूने लिहिताना शाईत बुडवल्यावरची अक्षरे गडद आणि पुढची क्रमाने फिकी होत जातात. हा क्रम ज्या ठिकाणी अकारण तुटतो, त्या ठिकाणी मागाहून घातलेल्या शब्दाचा संशय येतो. पत्रातील तिथी किंवा वतनाच्या कागदातील नाव मागाहून बदलले आहे काय, याचा निर्णय कधी कधी एवढ्याशा फरकावर अवलंबून असतो. सर्व अक्षरे सारखीच काळीभोर करणारी सुधारणा वाचन सोपे करते, परंतु हा पुरावा पुसून टाकते.

४. अनुस्वाराचा प्रश्न

प्रतिमा शुद्ध काळ्या-पांढऱ्या रूपात साठविली की रंगीत प्रतिमेच्या चोविसाव्या हिश्शाएवढीच जागा लागते. या काटकसरीपायी अनेक जुन्या ग्रंथांच्या प्रती अशा रूपात तयार झाल्या. येथे प्रत्येक बिंदूविषयी 'शाई की कागद' असा एकच निर्णय होतो. मधली छटा उरत नाही. त्यानंतर सुटे ठिपके पुसण्याची क्रिया केली जाते.

ही क्रिया रोमन लिपीत फारशी बाधक ठरत नाही. तेथे 'आय' या अक्षरावरील बिंदू गेला तरी अक्षर ओळखता येते. देवनागरीत शिरोरेषेवर सुटा राहणारा अनुस्वार मात्र अर्थाचा वाहक आहे. अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा अनुस्वार ६०० डीपीआयला सुमारे १२ पिक्सेल रुंद येतो, ३०० डीपीआयला ६, आणि १०० डीपीआयला केवळ २. दोन पिक्सेलचा अनुस्वार आणि दोन पिक्सेलची धूळ यांत संगणकाला फरक करता येत नाही. उलट, कसरीचे छिद्र शिरोरेषेवर नेमके पडले तर नसलेला अनुस्वार उत्पन्न होतो.

मराठीत याचे परिणाम व्याकरणापर्यंत पोहोचतात. 'यमुनापर्यटन' (१८५७) च्या काळातील लेखनात 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन; 'केलें' आणि 'केले' यांतही तोच भेद. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनंतर हे अनुस्वार गेले. म्हणून आजच्या वाचकाला 'ते' हे रूप मुळीच खटकत नाही. अनुस्वार लेखकाने दिला नाही, जुळारीने गाळला, की स्कॅनिंगनंतर पुसला गेला, हे त्याला प्रतिमेवरून सांगता येत नाही. आणि अशा प्रतिमांच्या आधारे कोणी एकोणिसाव्या शतकातील अनुस्वारांच्या वापराचा इतिहास लिहिला, तर तो अंशतः यंत्राचाच इतिहास ठरेल.

५. साठवणुकीतील पाठभेद

प्रतिमा लहान करण्याच्या काही पद्धतींत एकमेकांसारख्या दिसणाऱ्या आकृत्यांपैकी एकच साठवून ती सर्वत्र वापरली जाते. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, एका प्रसिद्ध कंपनीची यंत्रे या पद्धतीमुळे कागदावरील आकडेच बदलत होती. ६ च्या जागी ८ येत होता आणि तोही स्वच्छ, ठसठशीत. देवनागरीत व-ब, प-ष, घ-ध, म-भ या जोड्या लेखनिकांना शतकानुशतके चकवीत आल्या आहेत. अशा पद्धतीने साठविलेल्या प्रतिमेत यंत्रही त्याच जोड्यांत फसू शकते. हस्तदोषाला निदान हस्ताक्षराची खूण असते. या दोषाला कोणतीच खूण नसते.

६. छापील छायाचित्रे

'मनोरंजन' (स्थापना १८९५) सारख्या जुन्या मासिकांतील छायाचित्रे बारीक ठिपक्यांच्या जाळीने छापलेली असत. ही जाळी आणि स्कॅनरचे स्वतःचे बिंदुजाल परस्परांवर पडले की चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटते. मूळ छपाईत ती नसते, म्हणून हा यंत्रदोष आहे आणि तो काढावा. त्यासाठी चित्र अधिक घनतेने स्कॅन करून ती प्रतिमा मूळ म्हणून जपावी, आणि तिच्यावरून किंचित मृदू करून लहान केलेली वेगळी प्रत वाचकांसाठी काढावी.

७. कार्यपद्धती

वरील विवेचनावरून पुढील पद्धती सुचविता येते.

(अ) प्रत्येक पोथीच्या किमान एका पृष्ठाबरोबर रंगपट्टी, करड्या छटांची पट्टी आणि मोजपट्टी स्कॅन करावी. रंगांचे संतुलन कागद पांढरा मानून करू नये, या पट्टीवरून करावे. पट्टीचे रंग बरोबर आले म्हणजे कागदाचा पिवळेपणा जेवढा खरा तेवढाच दिसतो.

(आ) मूळ प्रतिमा रंगीत असावी. पोथ्या व बारीक टंकाचे ग्रंथ यांसाठी ६०० डीपीआय घनता इष्ट होय. ए-४ आकाराच्या पृष्ठाला यामुळे सुमारे १०० मेगाबाइट जागा लागते. ही प्रतिमा टिफसारख्या, माहिती न गाळणाऱ्या स्वरूपात ठेवावी.

(इ) कागद पातळ असून मागची अक्षरे दिसत असतील तर पृष्ठामागे काळा कागद ठेवावा. संगणकावर मागाहून केलेल्या सुधारणेपेक्षा हा साधा उपाय श्रेयस्कर आहे, कारण त्यात पुढच्या अक्षरांना धक्का लागत नाही.

(ई) वाचनसुलभतेसाठी करावयाचे बदल दुसऱ्या प्रतीवर करावेत. काजळीच्या शाईची पोथी तपकिरी डागांनी भरली असेल तर प्रतिमेचा केवळ लाल रंगघटक पाहावा; त्यात डाग फिके पडतात आणि काळी अक्षरे टिकून राहतात. हिंगुळाचा फिका मजकूर वाचण्यासाठी हिरवा घटक पाहावा. त्यात तांबडी अक्षरे गडद होतात. एका पृष्ठाला उपयुक्त ठरणारा उपाय दुसऱ्या पृष्ठावरील मजकूर घालवितो, म्हणूनच मूळ प्रतिमा अस्पर्श ठेवणे अगत्याचे आहे.

(उ) केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद प्रतिमेसोबत ठेवावी आणि पोथीचा क्रमांक व पत्रसंख्या तीत द्यावी.

८. समारोप

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यात आपली ओवी घालणाऱ्याला त्यांनी दोष दिला. साचलेले दोष काढणे आणि स्वतःची भर घालणे यांतील ही सीमारेषा प्रतिमाशुद्धीच्या बाबतीतही तितकीच महत्त्वाची आहे. फरक इतकाच की येथे भर घालण्यापेक्षा गाळण्याचे भय अधिक. यास्तव, प्रतिमांवरून सिद्ध केलेल्या संपादित संहितेच्या प्रस्तावनेत प्रतिपरिचय देताना, मूळ पोथी पाहिली की प्रतिमा, ती रंगीत होती की काळी-पांढरी, आणि तिच्यावर कोणते संस्कार झाले होते, हे स्पष्ट नमूद करण्याचा प्रघात पडावा. संशयित अनुस्वार, हरताळाची जागा किंवा रिकामी ओळ यांविषयीचा अंतिम निर्णय मूळ पत्र पाहिल्यावाचून देऊ नये. मूळ पोथी जतन करण्याची आवश्यकता स्कॅनिंगमुळे कमी होत नाही. प्रतिमेची साक्ष पडताळून पाहण्याचे एकमेव साधन तीच असल्यामुळे ती आवश्यकता वाढतेच.