सातबाऱ्यावरच्या बायका मोजायच्या कशा?

चला, वही उघडा. महाड किंवा पोलादपूर तालुक्यातलं एक गाव घेऊ आणि तिथल्या जमिनीच्या कागदांवर बायकांची नावं किती, कशी चढली आणि कशी उतरली, ते शोधून काढू. एम.ए.चा प्रबंध असो नाहीतर एखाद्या संस्थेचा छोटा अभ्यास, कृती हीच. लागेल काय? नेट चालणारा फोन, आडव्या पानांची लांब वही, निळा आणि लाल पेन, संगणकावर एक साधा तक्ता, आणि चढावर न घसरणाऱ्या चपला. जानेवारीत हात घाला. भात घरात आलेलं असतं, ओढे उतरलेले असतात आणि माणसांना बोलायला सवड असते.

१. वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा. माझं ऐकाल तर हा घ्या: ‘घरातला कर्ता वारल्यावर बायको आणि लेकींची नावं सातबाऱ्यावर लागतात का, आणि लागलेली टिकतात का?’ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग विसरू नका, सगळी गंमत तिथेच आहे. ‘ग्रामीण स्त्रियांचे सक्षमीकरण’ असला ऐसपैस विषय घेतलात, तर मे महिन्यातही तुम्ही प्रस्तावनाच लिहीत बसलेले असाल.

२. एक महसुली गाव निवडा. लक्षात घ्या, वाडी म्हणजे महसुली गाव नव्हे; एका गावाच्या पोटात पाच-सहा वाड्या, एखादा कोंड, एक बौद्धवाडी आणि कडेला कातकरवाडी असू शकते. ओळखीपाळखीचं गाव चालेल, पण स्वतःच्या भावकीचं नको. तळीये किंवा साखर-सुतारवाडीसारखी, २०२१ च्या जुलैत दरडीखाली गेलेली ठिकाणंही पहिल्या अभ्यासाला घेऊ नका. तिथल्या माणसांनी आधीच पुष्कळांना पुष्कळ उत्तरं दिली आहेत.

३. सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटून काम काय आहे ते सांगा. ‘जमिनीची माहिती’ एवढंच म्हणालात, तर दुपारपर्यंत गावभर होईल की कंपनीचा एजंट आलाय. ओळखपत्र दाखवा, वही उघडून दाखवा आणि ‘कुणाचंही नाव छापणार नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

४. तलाठ्यांकडून गावातला शेवटचा खाते क्रमांक विचारून घ्या. पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी गावात सगळे तलाठीच म्हणतात. नमुना आठ-अ म्हणजे एकेका खात्याची एकत्र जमीन. आपण मोजणार ती खाती, सर्व्हे नंबर नाहीत. कोकणात एकाच खात्याचे तुकडे दहा हिश्शांत विखुरलेले असतात. सर्व्हे नंबर मोजलेत तर एकच काकू दहा वेळा मोजाल.

५. चिठ्ठ्या टाकून खाती निवडा. समजा ४०० खाती आहेत आणि तुम्हाला ८० हवीत, तर दर पाचवं खातं घ्यायचं. सुरुवात १ ते ५ पैकी कुठून करायची, एवढ्यासाठीच चिठ्ठी. बंद झालेलं खातं निघालं तर पुढचं घ्या. ‘हे खातं इंटरेस्टिंग आहे’ म्हणून हाताने एकही आत घालू नका, मोह होतोच.

६. भूलेखच्या संकेतस्थळावर प्रत्येक खात्याचा आठ-अ उघडा. विभाग कोकण, जिल्हा रायगड, मग तालुका, मग गाव. विनासहीचा उतारा फुकट दिसतो आणि आपल्याला तेवढा पुरतो. सहीचा डिजिटल उतारा पैसे भरून मिळतो, तो कोर्टकचेरीसाठी. संध्याकाळी साइट रेंगाळते, पहाटे बसा.

७. त्याच खात्यातल्या एका हिश्शाचा सातबारा उघडून जतन करा. फाइलला नाव खाते क्रमांकाचंच द्या. माणसाचं नाव दिलंत तर पुढे लपवाछपवी करताना घाम फुटेल.

८. आता कोरा तक्ता आखा. रकाने एवढेच: खाते क्रमांक, एकूण नावं, बायकांची नावं, इतर हक्कातल्या बायका, फेरफार क्रमांक, फेरफाराची तारीख, फेरफाराचा प्रकार, शेरा. ‘जात’, ‘शिक्षण’, ‘वय’ हे रकाने आत्ता नकोत. सातबाऱ्यावर ते नसतं आणि रिकामा रकाना दिसला की माणूस अंदाजाने भरतो.

९. सातबारा वाचून नावं तक्त्यात उतरवा. इथे घाई नको, मी शेजारीच उभा आहे असं समजा. भोगवटादाराच्या रकान्यात वरून खाली बोट फिरवा. ज्या नावावर आडवी रेघ आहे किंवा ज्याला कंस आहे, ते नाव कमी झालेलं. ते लाल पेनने वेगळं लिहा, टाकून देऊ नका. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, तर थोरल्या भावाच्या एका नावामागे अख्खं कुटुंब दडलेलं आहे. शेऱ्यात तसं लिहा. आणि ‘अ.पा.क.’ दिसलं की थांबाच. अज्ञान पालनकर्ता. ओळ साधारण अशी असते: मुलाचं नाव, पुढे ‘अ.पा.क. आई’, मग आईचं नाव. नाव बाईचं आहे पण मालकी मुलाची. ती फक्त सांभाळणारी. हिला मालकांत मोजलंत की सगळी टक्केवारी फुगते आणि परीक्षकाच्या लक्षातही येत नाही, म्हणून जास्त सांभाळा.

१०. ज्या नावावरून बाई की पुरुष कळत नाही, तिथे प्रश्नचिन्ह करा. किरण, कमल, सुमन ही नावं दोघांचीही असतात. अंदाज नको, गावात गेल्यावर एका मिनिटात कळतं.

११. खालचा ‘इतर हक्क’ हा रकाना स्वतंत्रपणे वाचा. पुष्कळ जुन्या नोंदींत भाऊ वर मालक म्हणून आणि बहिणी खाली इतर हक्कात, अशी मांडणी सापडते. वर-खालची बेरीज करू नका, दोन वेगळे आकडे ठेवा.

१२. प्रत्येक नावापुढचा फेरफार क्रमांक टिपून घ्या. आज दिसणारी नावं मोजून थांबलात तर अर्धाच अभ्यास होतो. बाई कागदावर चढते ती बहुतेक वारसनोंदीने आणि उतरते ती बहुतेक हक्कसोडपत्राने, आणि उतरलेल्या बाईचा पत्ता फक्त फेरफारातच लागतो.

१३. फेरफारांच्या नकलांसाठी लेखी अर्ज करा. आधी तलाठी कार्यालय, तिथे नसतील तर तहसील. क्रमांकांची यादी टाइप करून जोडा. ‘सर्व फेरफार मिळावेत’ असा अर्ज केलात की तो ढिगाखाली गेलाच म्हणून समजा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

१४. नक्कल आली की फेरफाराचा प्रकार लिहा: वारस, वाटप, हक्कसोड, खरेदी, बक्षीस, मृत्युपत्र. हक्कसोड नोंदणीकृत असेल तर दस्त क्रमांक आणि तारीख सापडते. नुसता ‘जबाब दिला’ एवढाच मजकूर असेल तर शेऱ्यात शब्दशः उतरवा. वारसनोंद आणि हक्कसोड यांत किती दिवस गेले, तेही मोजा. माझ्या मते अख्ख्या तक्त्यात हा सगळ्यात बोलका आकडा आहे.

१५. फेरफार तारखेप्रमाणे गटांत टाका. तीन खुणा करा: २२ जून १९९४, ९ सप्टेंबर २००५, ११ ऑगस्ट २०२०. पहिली हिंदू वारसा कायद्यातल्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीची, दुसरी केंद्राच्या, तिसरी सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाची. पण हा कायदा सगळ्यांना लागू नाही! मुस्लिम खातेदारांचा वारसा वेगळ्या नियमाने चालतो आणि अनुसूचित जमातींना, म्हणजे कातकऱ्यांना, हिंदू वारसा कायदा थेट लागत नाही. ही खाती वेगळ्या पानावर घ्या. बौद्ध खाती मात्र याच कायद्यात येतात.

१६. आता मुलाखतीसाठी वीसेक खाती निवडा: काहींत बाईचं नाव टिकलेलं, काहींत उतरलेलं, काहींत कधी लागलंच नाही असं. फक्त नाव असलेल्या बायकांकडे गेलात तर सगळं छानच दिसेल.

१७. वाडीवर जाण्याचा दिवस ठरवा. लावणी आणि कापणीचे दिवस वगळा. गणपतीत चाकरमानी घरी असतात खरे, पण सुनांना मान वर करायला वेळ नसतो. मुंबईतल्या वारसांना गाठायचं तर शिमगा किंवा मे महिना बरा; गावाच्या मुंबई मंडळाकडे फोन नंबर असतात. मे महिन्यात सकाळी जाऊ नका, त्या वेळी बायका पाण्यावर असतात. आणि आतल्या वाड्यांवरून परतीची एसटी किती वाजता, हे उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

१८. बाईशी एकटीशी बोलायची सोय करा. पडवीत बसलात की दीर, सासरे, शेजारचे तात्या सगळे उत्तरं देतात आणि काकू चहा करायला आत जातात. तुम्हीही चुलीपाशी जा. मुलाखत घेणारा पुरुष असेल तर सोबत एक मुलगी हवीच.

१९. संमती विचारा, आणि सोप्या बोलीत विचारा. ‘काकू, हे मी कॉलेजच्या अभ्यासासाठी विचारतेय. तुमचं नाव कुठे येणार नाही. नको वाटलं तर मधेच सांगा, वही मिटते.’ सही किंवा अंगठा मागू नका. कुणीतरी कागद पुढे केला आणि अंगठा दिला, यातूनच कित्येकींचं नाव कमी झालंय. तुमच्या संमतीपत्रानेही त्या दचकतील. तोंडी हो म्हणाल्या की तारीख घालून स्वतः लिहा.

२०. प्रश्न भातापासून सुरू करा. ‘यंदा भात कसं झालं?’ मग बी कुणी आणलं, गडी कुणी सांगितले, वरकस जमिनीत नाचणी-वरी अजून करता का. मग हळूच: ‘सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत?’ ‘तुमचं कधी लागलं?’ ‘कागदावर सही केलीत तेव्हा कुणी वाचून दाखवला होता?’ ‘तुम्हाला हक्क हवा होता का?’ असं थेट विचारू नका. त्याचं ठरलेलं उत्तर येतं, ‘भावाकडून काय घ्यायचं? माहेर राहिलं म्हणजे झालं.’ हे उत्तर आलंच तर खोडून काढू नका, वाद घालू नका. शांतपणे पुढचा प्रश्न टाका: ‘मग गेल्या वर्षी माहेरी किती दिवस राहिलात?’

२१. योजनेचा प्रश्न शेवटी विचारा: पीएम-किसानचे पैसे कुणाच्या खात्यात येतात? वर्षाचे ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत, आणि त्यासाठी जमिनीच्या नोंदीवर नाव लागतं. शेतात दिवसभर राबणारी कोण आणि पैसे कुणाच्या पासबुकात, हे इथे समोरासमोर येतं. पासबुकाचा फोटो मात्र काढू नका, मागूही नका.

२२. घराची नोंद ग्रामपंचायतीत पाहा. नमुना ८ ला नवरा-बायको दोघांची नावं आहेत का, तेवढं टिपा. घर आणि शेत यांचे आकडे एकत्र करू नका. घराला नाव लावायला नवरे पटकन तयार होतात, शेताला नाही. निदान असं घडतं का, हे तुमच्या गावात तपासाच.

२३. त्याच संध्याकाळी मुलाखत वहीतून संगणकावर उतरवा. खात्याच्या क्रमांकाऐवजी ‘क-७’ असा संकेत द्या. संकेतांची किल्ली वेगळ्या कागदावर, घरच्या कपाटात.

२४. बेरीज करा. वाक्य असं लिहा: ‘पाहिलेल्या इतक्या खात्यांपैकी इतक्यांत किमान एका बाईचं नाव आहे.’ ‘गावातल्या इतक्या टक्के बायकांकडे जमीन आहे’ असं लिहू नका, ते आपण मोजलेलंच नाही. सामाईक खात्याचं क्षेत्र नावांच्या संख्येने भागू नका. हिस्से सारखे असतीलच असं नाही. आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्के, हा आकडा शेजारी ठेवायचा मोह झाला तर आवरा. तो जमीन कसणाऱ्यांचा आहे, मालकीचा नव्हे.

२५. मसुद्यातून ओळख पटेल असं सगळं काढा. तीस घरांच्या वाडीत ‘तीन मुलींची विधवा आई’ म्हटलं की पोरंसुद्धा घर दाखवतील. वाडीचं नाव घालू नका, बारीकसारीक तपशील मोघम करा.

२६. निष्कर्ष गावात वाचून दाखवा, बायकांच्या बचत गटाच्या बैठकीत आधी आणि ग्रामपंचायतीत नंतर. क्रम उलटा केलात तर बचत गटात कुणी तोंड उघडणार नाही. बैठकीत कुणी ना कुणी विचारेलच, ‘मग माझं नाव लावायचं कसं?’ त्यासाठी दोन माहितीपत्रकं छापून न्या: वारसनोंदीचा अर्ज ई-हक्कवर कसा करायचा, आणि लक्ष्मी मुक्ती योजनेत नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायला तहसीलदारांकडे अर्ज कसा द्यायचा. दुसऱ्याची जरा जास्त पत्रकं न्या. अर्ज नवऱ्याने करायचा असतो, त्यामुळे एक घरी जाईल आणि एक बहुतेक चुलीत.