वायपर बंद पडला. पण मोटर खरोखर जळली आहे काय?

मृग लागला की सातारा, कराड, सांगली, मिरज येथील आपल्या गॅरेजवाल्या व ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्या बांधवांकडे एक तक्रार हमखास येते. वायपर चालत नाही. वर्षातले आठ महिने ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तो भाग पहिल्या सरीला आठवतो. गिऱ्हाईक घाईत असते, दुकानात गर्दी असते आणि अशा वेळी तोंडून सहज निघते, "मोटर गेली साहेब, नवीन टाकावी लागेल." हे वाक्य पुष्कळदा खोटे असते. जाणूनबुजून नव्हे, तपासले नाही म्हणून.

आम्ही स्वतः हा अनुभव घेतला आहे. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमच्या जुन्या गाडीने पाचगणीहून वाईकडे उतरत होतो. महाबळेश्वरच्या डोंगरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो कसा असतो हे पसरणी घाटात वायपर अर्ध्या काचेवर थांबला की कळते. समोर ना कठडा दिसे ना वळण. बरोबरच्या ड्रायव्हरभाईंनी खाली उतरून ओली तंबाखू काचेवर चोळली, तेव्हा पाण्याचे थेंब पसरून थोडे दिसू लागले. गाडी चालीच्या वेगाने खाली आणली. पुढे एका गॅरेजमध्ये नवी मोटर बसवून पैसे मोजले. आठव्या दिवशी कराडजवळ तीही बंद! शेवटी साताऱ्यातील एका वयस्कर उस्तादांनी जुनी आणि नवी अशा दोन्ही मोटरी बॅटरीवर थेट लावून दाखवल्या. दोन्ही ठणठणीत फिरत होत्या. दोष कोठे होता ते पुढे येईलच. आधी ही यंत्रणा समजून घेऊ.

वायपरची मोटर ही साधी डीसी मोटर आहे. कार-जीपमध्ये बारा व्होल्टची, मोठ्या ट्रक-बसमध्ये चोवीस व्होल्टची. आत कायम चुंबक, मध्ये आर्मेचर आणि बहुतेक दोन-वेगी मोटरींत तीन कार्बन. एक समाईक, त्याच्या बरोबर समोरचा संथ वेगासाठी आणि किंचित बाजूला सरकवलेला तिसरा जलद वेगासाठी. म्हणून वायपर जलद चालतो पण संथ चालत नाही अशी तक्रार आली, तर आधी वायर आणि स्विच बघावे. तेथे करंट येत असेल तर संथ वेगाचा कार्बन झिजला किंवा अडकला असे समजावे. अख्खी मोटर बदलण्याचे कारण नाही.

आर्मेचर फार वेगाने फिरते. तो वेग वॉर्म गिअर कमी करतो आणि जोर वाढवतो. मोठ्या चाकाच्या बाहेर आलेल्या दांड्यावर छोटा क्रँक असतो. क्रँक गोल फिरतो, लिंकच्या पट्ट्या मागे-पुढे होतात आणि दोन्ही स्पिंडल डावी-उजवी वळतात. शिवणयंत्र चालवणाऱ्या भगिनींना हे सांगायला नको. त्या पायाची मागे-पुढे होणारी हालचाल चाकाच्या गोल फिरण्यात बदलतात, येथे त्याच्या उलट घडते. मोटरचा आवाज येतो पण पाते हलत नाही, अशा वेळी लिंकचा प्लॅस्टिक बुश निसटला आहे की आर्मचा नट ढिला होऊन दाते घसरत आहेत, एवढेच आधी पाहावे.

आता खरी गंमत. आपण मधेच स्विच बंद केला तरी वायपर मधेच का थांबत नाही? गिअरच्या झाकणात एक पार्किंगची पट्टी असते. स्विच बंद झाला तरी या पट्टीच्या संपर्कातून मोटरला करंट मिळत राहतो, आणि पाते खाली पोहोचले की पट्टीतील खाच येऊन करंट तुटतो. तेवढेच नव्हे, त्याच क्षणी मोटरची संथ वेगाची वायर अर्थला जोडली जाते. झोकात फिरणारी मोटर डायनामोसारखी वागू लागते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. या पट्टीवर गंज किंवा घट्ट झालेले ग्रीस साचले, तर स्विच बंद करताच पाते जेथे असेल तेथे थांबते. थांबून-थांबून चालण्याचा रिले असलेल्या गाडीत तर ते नुसते उसळी मारल्यासारखे करते, कारण रिले फक्त पहिला धक्का देतो, फेरी पूर्ण करण्याचे काम पार्किंगच्या पट्टीचे. झाकण उघडून साफसफाई, पात्याला थोडा ताण आणि नवे ग्रीस, एवढ्यावर पुष्कळ मोटरी सुधारतात.

हा थांबून चालणारा वायपर अमेरिकेतील रॉबर्ट कर्न्स यांनी शोधला. मोठ्या मोटार कंपन्यांशी ते वर्षानुवर्षे कोर्टात भांडले आणि १९९० साली फोर्ड कंपनीने सुमारे एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्याआधी १९०३ साली हाताने ओढण्याच्या वायपरचे पेटंट घेणाऱ्या मेरी अँडरसन बाईंना मात्र त्यातून काहीच मिळाले नाही.

काच धुण्याच्या यंत्रणेत एवढे गुंतागुंतीचे काही नाही. प्लॅस्टिकची टाकी, तिच्या बुडाशी छोटा पंप, रबरी नळी, पाणी मागे येऊ न देणारा वॉल्व्ह आणि बोनेटवरचे जेट. पंपाचा आवाज येतो पण पाणी नाही, तर नळी निसटली किंवा जेट तुंबले. आवाजच नाही, तर फ्यूज, वायर, मग पंप. आपल्या भागात जेट तुंबण्याचे मोठे कारण बोअरचे क्षारयुक्त पाणी. सांगलीकडे हा त्रास अधिक. बारीक सुईने जेट मोकळे होते, पण टाकी धुऊन गोडे पाणी भरले नाही तर महिन्याभरात गाडी परत येते. धुण्याची पावडर टाकू नये. टाकी रिकामी असताना पंप दाबत बसू नये, तो कोरडा फिरून खराब होतो.

जत-आटपाडीकडील गिऱ्हाइकाला पावसापेक्षा धुळीचा वायपर लागतो. गळीत हंगामात कारखान्याच्या वाटेवर चिखल आणि काजळी असते. कोरड्या काचेवर वायपर फिरवला की ती धूळ पॉलिश पेपरसारखी काच ओरबाडते आणि रात्री समोरच्या दिव्यांत ते ओरखडे चमकतात. आधी पाणी, मग वायपर, हे गिऱ्हाइकाला एकदा सांगावे. पात्याची पातळ धार प्रत्येक फेरीला उलटी पडते. उन्हाने रबर ताठले की ती उलटत नाही आणि पाते थडथडते. त्याला तेल-रॉकेल चोळणे म्हणजे रबर आणखी लवकर घालवणे.

आता आमच्या गाडीचा दोष. उस्तादांनी टेस्ट लॅम्पने पाहिले, मोटरपर्यंत करंट येत होता. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर थेट मोटरच्या अंगाला टेकवली आणि वायपर सुरू! अर्थ नव्हता. मोटर ज्या ब्रॅकेटवर बसते तेथे गंज धरला होता. पहिल्या कारागिराने बोल्ट काढून घट्ट आवळले तेव्हा गंज थोडा घासला गेला, म्हणून नवी मोटर आठ दिवस चालली. उस्तादांनी जागा खरवडून वेगळी अर्थ वायर ओढली. मजुरी घेतली ती चहापाण्याएवढी. त्यांच्याकडे आम्ही आजवर किती गाड्या पाठवल्या, याचा हिशेब नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०१ वा नियम चालू वायपर सक्तीचा करतो; त्यामुळे पासिंगच्या गाड्या हेही नियमित काम आहे. मात्र नव्या गाड्यांत काचेवर पावसाचा सेन्सर असतो आणि वायपरचा हुकूम संगणकाच्या पेटीतून सुटतो. तेथे बल्बचा टेस्ट लॅम्प कोठेही टेकवू नये, मीटर वापरावा व वायरिंगचा नकाशा पाहावा. आपल्या मुलांनी हे शिकून घ्यावे. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचे काम आटल्यावर एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला घेतले, त्या मानाने हा बदल लहानच आहे.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढूनच लिंकमध्ये हात घालावा. चालू झालेली पट्टी बोट सोडत नाही. आर्म काढण्यापूर्वी काचेवर खडूची खूण करावी. नवी मोटर बसवताना ती आधी एकदा चालवून पार्किंगवर थांबू द्यावी, मगच क्रँक आवळावा. पाते काढलेला आर्म उभा असेल तर काचेवर फडके घडी करून ठेवावे, कारण स्प्रिंगने तो सुटून आपटला तर काचेचा खर्च कारागिराच्या खिशातून जातो. आणि बदललेली जुनी मोटर गिऱ्हाइकासमोर बॅटरीवर लावून दाखवावी, मगच नव्या मोटरीचे बिल करावे.