पाटीवरचा इशारा कोणासाठी?



सुट्टीत आपल्यापैकी बरेच जण गोव्याला जातात. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे दर्शन घेतात आणि संध्याकाळी पणजीला मांडवीतली झगमगती कॅसिनोची जहाजे मुलांना दाखवतात. काही जण आतही जाऊन येतात. पण १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोत खेळायला बंदी आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. घरच्यांना दार बंद, पाहुण्यांना उघडे. आणि पाहुणे म्हणजे आपणच!

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. पण जुगार मोबाईलमधून घरात शिरला. ऑनलाइन रमीच्या जाहिराती आठवतात ना? आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकते, असा इशारा शेवटी असे. डिसेंबर २०२० पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार तो नेहमीच्या वेगाने सांगणे आवश्यक झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तरी मटका आणि क्रिकेटचा सट्टा काही संपलेला नाही.

परदेशातील अनेक कॅसिनोंत असा इशारा आणि मदतीचा फोन नंबर पाटीवर लावलेला असतो. चांगलेच आहे. पण जो हरलेले पैसे परत मिळवायला खेळत असतो, त्याला पाटी दिसत नाही. त्याला दिसतो तो पुढचा डाव. सिंगापूरने हे ओळखले. तिथे जुगाराने घराचे नुकसान होत असेल तर पत्नी, आईवडील किंवा मुले अर्ज करून त्या माणसाला कॅसिनोत प्रवेश बंद करवू शकतात.

ख्रिस्तसभा पत्ते किंवा पैज यांनाच पाप म्हणत नाही. (सणाच्या दिवशीच्या आपल्या हौजीची काळजी नको!) धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४१३ व्या परिच्छेदाचा कस साधा आहे: स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेचे पैसे खेळात जाऊ लागले की ते अन्याय्य होते, आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते. शाळेची फी, घरभाडे, आईचे औषध यांतून पैसे गेले, की मग रक्कम लहान की मोठी हा प्रश्न उरत नाही.

वैद्यकशास्त्रही याला नुसता वाईट नाद मानत नाही. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या वर्गीकरणात जुगाराचा विकार दारू व ड्रग्जच्या व्यसनांच्या शेजारी ठेवला. म्हणून नुसत्या शपथा घालून किंवा रागावून भागत नाही. आणि प्रेमापोटी त्याचे कर्ज गुपचूप फेडणे, दागिने मोडणे, हे तर त्याला पुढच्या डावासाठी भांडवल देण्यासारखे आहे. आपल्या समाजात लाजेने हेच सर्वाधिक घडते.

घरात असे काही जाणवत असेल, तर त्या व्यक्तीने कबूल होण्याची वाट पाहू नका. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येते. फोन पत्नीने केला तरी चालतो, आईने केला तरी चालतो.