जुनी जीप घरी दुरुस्त करताना : आधी ब्रेक, मग इंजिन, शेवटी रंग



आपल्या कार्यक्षेत्रातील कितीतरी वस्त्यांवर गोठ्याच्या आडोशाला एखादी जुनी जीप उभी असलेली दिसते. टायर बसलेले असतात, बॉनेटवर कोंबड्या झोपतात आणि सीटच्या जागी सरपण रचलेले असते. एके काळी हिच्यातूनच वऱ्हाडे गेली, अडलेल्या बाळंतिणी दवाखान्यात पोहोचल्या आणि उसाची नोंद घ्यायला शेतकी विभागाची माणसे बांधापर्यंत आली. आता घरातल्या पोरांना ती पुन्हा चालू करावी अशी हौस येते. हौस वाईट नाही. आम्ही दोघा भावांनीही ती केली. तीत आमचे जे चुकले आणि पुढे जे साधले, ते येथे क्रमवार मांडत आहोत.

जीपची थोडी ओळख

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांवर जीपा बांधल्या. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्र कंपनीने विलीस जीपची जोडणी हाती घेतली. खेड्यापाड्यांत उंच बॉनेटची जी जीप दिसते, ती बहुधा सीजे-३बी या जातीची. विलीसने हे मॉडेल १९५३ साली आणले. बॉनेट उंच करावे लागले ते इंजिनामुळे. त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. चार सिलिंडर, सुमारे २२०० सी.सी., तीन गिअर आणि चारही चाकांना ओढ.

आमची जीप १९६९ची, पेट्रोलवर चालणारी. वडिलांनी ती १९७८ साली जुन्यात घेतली. वडील गेल्यावर ती पंधरा वर्षे कडुनिंबाखाली उभी राहिली.

आमची चूक

गळीत हंगाम संपला, हात मोकळे झाले आणि आम्ही कामाला लागलो. सर्वांत आधी काय केले असेल, तर रंग दिला! पत्रा ठोकून घेतला, हिरवा रंग मारला, नव्या सीटा शिवून आणल्या. मग बॅटरी बसवली, कार्बोरेटर धुतला. चौथ्या दिवशी हँडल मारून इंजिन सुरू झाले. वस्तीवरची सगळी माणसे गोळा झाली. आईने नारळ फोडला. ब्रेकचे पेडल दाबून पाहिले, घट्ट लागले, म्हणून तेवढ्यावर समाधान मानले.

थोरले स्टिअरिंगवर, आम्ही शेजारी, आणि मागे थोरल्यांचा दहा वर्षांचा मुलगा. कालव्याकडे जाणारा रस्ता उताराचा आहे. पहिल्यांदा ब्रेक लागला. दुसऱ्यांदा दाबला तर पेडल थेट तळाला गेले. हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला, तरी गाडी काही थांबेना. पहिला गिअर धावत्या गाडीत पडेना, नुसता खरखरला. समोर वीस पावलांवर कालवा भरून चालला होता. थोरल्यांनी स्टिअरिंग वळवून गाडी बांधालगतच्या शेणखताच्या ढिगात घातली. दिव्यांपर्यंत गाडी आत गेली आणि थांबली. पोराच्या हनुवटीला दोन टाके पडले. तेवढ्यावर निभावले, हे नशीब.

आई घरी एवढेच म्हणाली, "गाडीला नटवलंत रे, पण थांबायला नाही शिकवलंत."

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून मिस्त्रीकाकांना आणले. त्यांनी चाके काढून दाखवली. व्हील सिलिंडरमधली रबरी वॉशरे वर्षानुवर्षे वाळून कडक झाली होती. पहिल्या दाबाला त्यांनी तग धरला, दुसऱ्याला एक फाटले. या जुन्या जीपला चारही चाकांचा ब्रेक एकाच ऑइलच्या वाटेवर असतो. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाके सुटतात. हँडब्रेक निराळा, पण तो चाकांवर नसतो. मागच्या शाफ्टच्या तोंडाशी, ट्रान्सफर केसवर एक छोटा ड्रम असतो, त्यावर तो लागतो. तिथले सील गळून गिअर ऑइलने लायनर भिजले होते. तेलकट लायनर काय पकडणार? चाकांचे चार आणि हँडब्रेकचा एक, असे पाच ड्रम आधी खोलले असते तर दोन्ही दोष डोळ्यांना दिसले असते.

आपल्या कारखान्यात बॉयलरला वाफ धरण्यापूर्वी पाण्याच्या दाबाची चाचणी होते, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासला जातो. बॉयलर रंगवला आहे की नाही, हे कोणी आधी पाहत नाही. हीच शिस्त घरच्या जीपला लावावी. क्रम असा :

१. कागदपत्रे

पाना हातात घेण्यापूर्वी आर.सी. पुस्तक काढा. चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर पुसून, उजेडात वाचून पुस्तकाशी ताडून पहा. पेट्रोल परवडेना म्हणून पुष्कळ जीपांना मागे डिझेल इंजिने बसवली गेली. तशी नोंद पुस्तकात नसेल तर पुढे अडचण येते. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर वारस म्हणून नावावर करून घ्या.

नोंदणीचे दोन मार्ग आहेत. एक नेहमीचा : १५ वर्षे उलटलेल्या खाजगी गाडीची तपासणी करून घेऊन नोंदणी ५-५ वर्षांसाठी वाढवणे. दुसरा मार्ग केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनी आला. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नियमात नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये व नूतनीकरणाची ५,००० रुपये ठरली, मुदत १० वर्षांची. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढायची. शेतावर नेण्यासाठी हवी असेल तर पहिलाच मार्ग धरावा. हे आधी ठरवा, कारण इंजिन किंवा बॉडी बदलायची की नाही ते यावर अवलंबून आहे.

२. जागा आणि जीव

काम सपाट, कडक जमिनीवर करावे. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. गाडी उचलली की चासीखाली लोखंडी घोड्या किंवा जाड लाकडी ठोकळे द्या, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, मगच खाली शिरा. विटा रचून त्यावर गाडी ठेवू नका, वीट सांगून फुटत नाही. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंग लावू नका. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, तेव्हा ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका.

३. खोलण्याची रीत

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्या. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून डब्यावर नाव लिहा. दोन्ही बाजू एकदम खोलू नका. एक चाक खोलले की दुसरे तसेच ठेवा, जोडताना तेच नमुना म्हणून कामी येते. बऱ्याच जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात. हे ठाऊक नसल्याने आम्ही जोर लावून एक स्टड तोडला.

४. ब्रेक

पाचही ड्रम खोला. चारही चाकांच्या सिलिंडरची रबरे सरसकट नवी घाला. यातले एक चांगले दिसते म्हणून ठेवू नका. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे असतील तर सिलिंडरच बदला. मास्टर सिलिंडर या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली चासीला असतो आणि ऑइल फरशीतल्या झाकणातून भरतात, त्यामुळे माती आत जाते. तो उघडून स्वच्छ करा. रबरी होज बदला, गंजलेले पाइप बदला. ऑइल नव्या, सीलबंद डब्यातलेच वापरा. उघडा डबा हवेतले पाणी शोषतो. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, त्याने रबरे फुगतात.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. मग पेडल जोराने दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहेच. ट्रान्सफर केसचे मागचे सील बदलून हँडब्रेकचे लायनर नवे घाला. पहिली चाचणी मोकळ्या सपाट रानात, माणसाच्या चालीच्या वेगाने घ्यावी. मागे कोणालाही बसवू नये.

५. स्टिअरिंग, पाटे, टायर

स्टिअरिंग हलवून चाक किती उशिरा वळते ते पहा. टाय रॉडचे जॉइंट, किंगपिनचे बेअरिंग, पाट्यांच्या बुशा आणि यू-बोल्ट तपासा. टायरची नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षे उभा राहिलेला टायर भरवशाचा नसतो. २००० सालानंतरच्या टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ असेल तर २०१८ सालचा ३२वा आठवडा.

६. इंजिन

बरीच वर्षे उभे असलेले इंजिन ढकलून सुरू करू नका. चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे थोडे ऑइल सोडा, तीन-चार दिवस मुरू द्या, मग हँडलने हाताने फिरवून पहा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा वाचतो. जुने ऑइल काढा, रेडिएटर धुवा. डेल्कोमधील पॉइंटची फट २० थाऊ, प्लगची ३० थाऊ आणि प्लगच्या तारांचा क्रम १-३-४-२ असा ठेवा.

पेट्रोलविषयी एक गोष्ट आपण साखर कारखान्याच्या सभासदांनी तरी जाणली पाहिजे. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातला काही भाग आपल्याच उसातून येतो, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण ही जीप बनली तेव्हा त्या मिश्रणाचा विचार झालेला नव्हता. जुनी रबरी नळी आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने खराब होतो, आणि गाडी उभी राहिली तर इथेनॉल पाणी ओढते व टाकीला गंज चढतो. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घाला, पंपाचा पडदा बदला आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

७. रंग

आता खुशाल रंगवा. गंज खरवडून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा, रेड ऑक्साईड द्या, मग रंग. गंजावर पुटीन भरून वर रंग मारणे म्हणजे किडक्या दातावर पांढरा चुना लावणे.

चालवताना एक लक्षात असू द्या. चारही चाकांची ओढ चिखलात, वाळूत किंवा नांगरटीत घालावी. कडक डांबरी रस्त्यावर ती काढून ठेवावी. पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि मध्ये ते जुळवून घेणारी सोय या जीपला नाही. त्यामुळे शाफ्ट आणि गिअर यांवर ताण येतो.

शेवटी

आमच्या खर्चाच्या वहीत रंग आणि सीटा यांना जेवढे पैसे लागले, त्याच्या चौथ्या हिश्श्यात ब्रेकचे सगळे काम झाले. पैसा आडवा आला नव्हता, आमची घाई आली होती. शेणखताच्या ढिगात रंग खरवडला तो खरवडलाच. पुढचा डावा मडगार्ड आम्ही मुद्दाम तसाच ठेवला आहे.

आज जीप चालते. दर हंगाम संपला की पाचही ड्रम उघडतो. हवा काढताना पेडलवर बसतो तो आमचा तोच पुतण्या. "दाब... धर... सोड..." असे आम्ही खालून म्हणतो आणि तो वरून प्रत्येक वेळी विचारतो, "काका, खाली बसतंय का बघू?" ज्याच्या हनुवटीवर दोन टाक्यांची खूण आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागले नाही. आपल्या घरातल्या पोराला मात्र टाके पडण्यापूर्वीच शिकवा, एवढीच विनंती.