जुनी पिकअप शेताच्या वाटेसाठीं कशी सुधारावी ?

ज्या शेतकऱ्याचें शेत पक्क्या सडकेपासून मैल-दीड मैल आंत आहे, त्यास मालाच्या वाहतुकीची अडचण काय असते हें सांगावयास नको. मृगाच्या सरी पडल्या कीं वाटेचा चिखल होतो. भाड्याचा टेम्पो सडकेवरच उभा राहतो, आणि बी, खत व पुढें तयार झालेला माल डोक्यावरून वाहावा लागतो. अशा वेळीं चारहि चाकांस ओढ असलेली एखादी जुनी पिकअप स्वस्तांत मिळाल्यास ती घेऊन दुरुस्त करावी, असें अनेकांच्या मनांत येतें. आम्हींहि तेंच केलें. त्यांत योग्य काय झालें व आम्ही कोठें चुकलों, हें या लेखांत क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

आमची हकीकत

महसूल खात्यांतील कारकुनी संपल्यावर आम्ही भाईंदर पूर्वेस केबिन रोडनजीक राहतों. वडिलार्जित भातशेती मात्र पालघर जिल्ह्यांतील वाडा तालुक्यांत आहे. केबिन रोडच्या एका गल्लींत एक जुनी पिकअप पुष्कळ दिवस उभी होती. पूर्वीं ती मिठागरांवरून मीठ वाहत असे. वरचा रंग नवा व किंमत थोडी. आम्हांस मोह पडला. गाडी घेतल्यावर पहिला पैसा आम्हीं खर्च केला तो मोठ्या टायरांवर व उंच पाट्यांवर. गाडी रुबाबदार दिसावी असें घरच्या मुलांस वाटत होतें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तें रुचलें. मिस्त्री म्हणाला होता, "भाऊसाहेब, आधीं गाडी खालून बघूं द्या, वरचें मागाहून." आम्हीं ऐकलें नाहीं.

त्याच वर्षीं भाताचीं पोतीं भरून गाडी शेताच्या उतारावरून खालीं येत असतां गंजानें खाल्लेली ब्रेकची नळी फुटली. पुतण्या गाडी चालवीत होता. त्यानें प्रसंग ओळखून गाडी बांधावर घातली, म्हणून ती पुढील ओढ्यांत गेली नाहीं. त्याचें उजवें मनगट मोडलें. मागें पोत्यांवर दोन गडी बसले होते, ते उडून खाचरांत पडले. खाचर ओलें होतें म्हणून ते वांचले. पोत्यांवर माणसें बसवूं नयेत हें ठाऊक असतांहि आम्हीच त्यांस "बसा" म्हटलें होतें. तेव्हां दोष मिस्त्रीचा नव्हे, गाडीचाहि नव्हे, तो आमचा. पुढील सर्व विवेचन त्या दिवसानें शिकविलें आहे.

या गाड्यांचें कुळ

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नांवानें चालणाऱ्या कंपनीनें १९४९ सालीं मुंबईंत माझगांव येथें विलीज जीप जुळवून तयार केली. खेड्यापाड्यांत दिसणाऱ्या अनेक जुन्या पिकअपांची घडण याच कुळांतली आहे : शिडीसारखा लोखंडी सांगाडा, अखंड आंस व पोलादी कमानपाटे. रचना साधी असल्यामुळें तालुक्याच्या गांवचा मिस्त्री व लेथवाला मिळून ती खोलूं व जोडूं शकतात. दुरुस्तीसाठीं अशी गाडी निवडण्याचें खरें कारण हेंच होय.

परंतु प्रत्येक जुनी पिकअप चारहि चाकें ओढीत नाहीं. पुष्कळांस केवळ मागील चाकांची ओढ असते. गाडीखालीं वांकून पाहावें. गिअरपेटीच्या मागें दुसरी पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, आणि तिच्यापासून पुढील आंसाकडे जाणारा दांडा असेल, तरच ती चार चाकांची समजावी. हे भाग मुळांत नसलेल्या गाडींत ते नव्यानें बसविण्याच्या खटपटींत पडूं नये.

सांगाड्याची परीक्षा

जमीन घेतांना आपण आधीं सात-बारा पाहतों, तसें गाडी घेतांना आधीं नोंदणीपुस्तक पाहावें. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक व इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशीं अक्षरशः जुळला पाहिजे. न जुळल्यास किंमत कितीहि कमी असो, तेथूनच परतावें.

नंतर गंज. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें व ओल्या मिठाच्या संगतीनें लोखंड फार लौकर गंजतें. म्हणून खाडीकांठची, मिठागरावरील किंवा मासळी वाहणारी गाडी विशेष बारकाईनें पाहावी. सांगाडा आंतून पोकळ असतो. त्याचीं पाणी जाण्याचीं भोंकें चिखलानें बुजलीं कीं गंज आंतून बाहेर येतो, आणि वरचा रंग शेवटपर्यंत चांगला दिसतो. लहान हातोडीनें सांगाड्यावर जागोजाग ठोकावें. निकोप लोखंड खणखणतें, खाल्लेलें लोखंड बद्द वाजतें. पाटे जेथें अडकविलेले असतात त्या जागा, वळणें व सांधे अणकुचीदार सळईनें दाबून पाहावेत. सळई आंत शिरली तर केवळ पत्रा ठिगळासारखा डकवून भागत नाहीं. कुजलेला भाग कापून, तितक्याच जाडीचें लोखंड घालून, कुशल माणसाकडून जोडून घ्यावा लागतो.

दुरुस्तीचा क्रम

गाडी चालण्याआधीं ती थांबली पाहिजे, हा पहिला नियम. ब्रेकच्या लोखंडी नळ्या दिसावयास चांगल्या असल्या तरी जुन्या गाडीच्या सर्व नळ्या व रबरी नळ्या बदलाव्या. ब्रेकचें द्रव हवेंतील ओल शोषून घेतें, त्यामुळें नळ्या आंतूनहि गंजतात. त्या जागीं इंजिनाचें तेल कदापि घालूं नये, कारण त्यानें आंतील रबर फुगतें. फार जुन्या गाड्यांत चारहि चाकांस एकाच मार्गानें दाब जातो. एक नळी फुटली कीं सर्व ब्रेक जातात. आमचें तेंच झालें. पुढील व मागील चाकांस स्वतंत्र दाब देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर जाणत्या मिस्त्रीकडून बसवून घेतल्यास एक नळी गेली तरी दुसरी बाजू धरते. हँडब्रेकहि उतारावर भरल्या गाडीनिशीं तपासावा.

दुसरें सुकाणू. चाक उचलून वर-खालीं व डावें-उजवें हलवून पाहावें. डगडग आढळल्यास किंगपिन, बेअरिंग व सांध्यांचे गोळे बदलावे. तिसरें पाटे व त्यांचे बुश. चौथें दांड्यांचे क्रॉस, दोन्ही डिफरन्शियलांचें व ट्रान्सफर केसचें तेल. तेल दुधासारखें पांढुरकें निघाल्यास आंत पाणी शिरलें आहे असें समजावें. पांचवें इंजिन. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचें, काळा धूर इंधन अधिक वा हवा कमी असल्याचें लक्षण होय. इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर येत राहिल्यास पाणी किंवा न जळलेलें इंधन जात आहे असें धरावें. काळा धूर दिसल्यास प्रथम हवेची जाळी साफ करावी. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें. विजेच्या तारा, दिवे, हौदा व रंग हें सर्व त्यानंतर.

जुनी गाडी खोलल्यावर न ठरविलेला खर्च निघतोच. म्हणून योजिलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग आरंभीं हातीं राखून ठेवावा.

चिखलांत गाडी कां अडते

डिफरन्शियल दोन्ही चाकांस सारखाच जोर देतो. एक चाक चिखलांत अधांतरी फिरूं लागलें तर त्यास जोर फारसा लागत नाहीं, म्हणून कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकासहि तितकाच अल्प जोर मिळतो व गाडी जागच्या जागीं राहते. चार चाकांच्या गाडींत पुढील आंसाचीहि ओढ मिळते, म्हणून ती अधिक ठिकाणीं निघते. तरी पुढील एक व मागील एक अशीं दोन चाकें फिरूं लागलीं तर तीहि अडते.

ट्रान्सफर केसमधील लो गिअरचा उपयोग वेगासाठीं नसून जोरासाठीं आहे. महायुद्धांतील विलीज जीपचें उदाहरण घेऊं. तिचा पहिला गिअर २.६६५, लो गिअर १.९७ व आंसाचें प्रमाण ४.८८. या तिन्हींचा गुणाकार सुमारें २५॥ होतो. म्हणजे इंजिन साडेपंचवीस वेळां फिरलें कीं चाक एकदां फिरतें, व त्या मानानें चाकाचा जोर वाढतो. उतारावर याच गिअरांत गाडी इंजिनानेंच आवरते. मात्र कोरड्या डांबरी सडकेवर चार चाकांची ओढ लावूं नये. वळणावर पुढील चाकें मागील चाकांहून अधिक अंतर जातात. तो फरक जिरण्यास तेथें जागा नसल्यामुळें दांडे व दांते ताणले जाऊन मोडतात.

स्वस्तांतला सर्वांत मोठा उपाय म्हणजे टायरांतील हवा. चाकावर ८०० पौंड भार व हवा दर चौरस इंचास ३२ पौंड असेल, तर टायर सुमारें २५ चौरस इंच जमीन धरतो. हवा १६ पौंडांवर आणली कीं तोच टायर सुमारें ५० चौरस इंच धरतो व कमी रुततो. टायराच्या बाजूंची ताठरता धरली नाहीं, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. हवा कमी असतां गाडी अगदीं सावकाश व हलक्या ओझ्यानें चालवावी, आणि सडकेवर येण्यापूर्वीं पंपानें पुनः भरावी. पंप, फावडें, मजबूत दोर व दोन फळ्या गाडींत असाव्यात.

उंचीचा हिशेब

टायराचा व्यास २८ इंचांचा ३१ इंच केला तर आंस किती वर उचलतो ? तीन इंच नव्हे, दीडच. कारण आंस चाकाच्या मध्यावर असतो. या दीड इंचासाठीं चाकाची ओढ सुमारें दहा टक्के कमी होते, ब्रेकवरचा ताण त्याच मानानें वाढतो, व वेगाचा कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो.

उंच पाट्यांचा दोष याहून गंभीर आहे. दोन चाकांमधील अंतर ४८ इंच व भाराचा मध्यबिंदु जमिनीपासून २४ इंचांवर असल्यास उभी गाडी सुमारें ४५ अंश कलेपर्यंत उलटत नाहीं. तोच बिंदु उंच पाटे व वर रचलेलीं पोतीं यांमुळें ३६ इंचांवर गेला, तर ती सुमारें ३४ अंशांवरच उलटते. पाट्यांची लवचीकता, वेग व खड्डा यांमुळें प्रत्यक्षांत ती याहूनहि आधीं जाते. आम्हीं उंच पाटे काढून मूळ मापाचे घातले, टायरहि मूळ मापाचे परंतु खोल नक्षीचे घेतले, आणि पोतीं हौद्याच्या कडेवर रचावयाचीं नाहींत असा नियम केला. त्यानंतर गाडी पूर्वींहून अधिक ठिकाणीं जाते असा आमचा अनुभव आहे.

पाणी

इंजिनाच्या हवेच्या नळींतून पाणी आंत गेलें तर तें दाबलें जात नाहीं. कनेक्टिंग रॉड वांकतो व एका क्षणांत सर्व खर्च वाया जातो. उंच नळी बसविल्यानें हा धोका कमी होतो, वाहत्या पाण्याचा जोर कमी होत नाहीं. ओढ्याचें पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल किंवा चालत जाणारा माणूस लटपटत असेल, तर गाडी घालूं नये. पाण्यांतून निघाल्यावर ब्रेक दोन-चार वेळां हलके दाबून कोरडे करावे. खाडीच्या वा खार जमिनीच्या पाण्यांतून गाडी गेल्यास त्याच दिवशीं खालची बाजू गोड्या पाण्यानें धुवावी.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणीपुस्तकांतील तपशील कारखान्याच्या मूळ रचनेहून निराळा होईल असा फेरफार करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. म्हणून इंजिन, सांगाडा, आसनें किंवा हौदा यांत कोणताहि बदल करण्याआधीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, व मालवाहू वाहनास आठ वर्षांनंतर योग्यतेचा दाखला दर वर्षीं लागतो. विमा नसलेल्या गाडीनें अपघात केल्यास नुकसानभरपाई शेतीवर येऊं शकते, हें खातेदारानें विसरूं नये.

शेवटचा विचार

गाडी शेतापर्यंत न्यावी, शेतांत नव्हे. ओल्या जमिनीवरून चाक गेलें कीं मातीचे कण दबून खालीं कठीण थर होतो. मुळें व पाणी दोन्ही तेथें अडतात. बांधावरून गाडी गेली तर बांध खचतो. म्हणून एकच वाट ठरवून, मुरूम घालून ती पक्की करावी. वाट सुधारल्यानें वांचणारा खर्च कित्येकदां गाडी सुधारण्याहून अधिक असतो. वर्षांतून चार-सहा खेपाच असतील तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर व ट्रॉली भाड्यानें घेणें हेंच शहाणपण.

पुतण्याचें मनगट बरें झालें आहे, परंतु थंडींत अद्यापि दुखतें. गाडी आजहि तोच चालवितो. भरल्या गाडीनें उतार लागला कीं तो आधीं खालीं उतरून नळ्या पाहतो व मगच लो गिअर घालतो. आणि हौद्यांत कोणी चढूं लागल्यास इंजिन बंद करतो. वाचकांपैकीं कोणी अशी गाडी घेणार असतील, तर त्यांनीं ही शिस्त गाडीबरोबरच घरीं आणावी.