पासबुकातला 'बाय'

मैत्रिणींनो, आमच्या गटात एकदा एका इंग्रजी शब्दावरून तीन आठवडे अबोला होता. पासबुक भरून आणलं, तर 15,000 रुपयांच्या ओळीत 'बाय ट्रान्सफर' असं छापलेलं. एका ताईंच्या मुलाने वाचून अर्थ सांगितला, "ट्रान्सफर म्हणजे पैसे दुसऱ्या खात्यात वळवले." झालं! सगळ्यांची नजर सचिवताईंवर. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत. खरं तर तो आपला फिरता निधी होता, तो खात्यात जमा झाला होता. त्याच ओळीत शिल्लक वाढलेली दिसत होती, पण तिकडे कोणी पाहिलंच नाही.

पोराचं चुकलं कुठे? ट्रान्सफरचा अर्थ त्याला आला, आधीचा छोटा 'बाय' त्याने सोडून दिला.

काही बँकांच्या पासबुकात जमा रकमेच्या आधी 'बाय' आणि गेलेल्या रकमेच्या आधी 'टू' छापतात. 'बाय कॅश' म्हणजे रोख भरली. 'बाय क्लिअरिंग' म्हणजे आपण भरलेला चेक वटून पैसे आले. 'बाय ट्रान्सफर' म्हणजे दुसऱ्या खात्यातून आपल्याकडे आले. 'टू ट्रान्सफर' असेल तर आपल्याकडून गेले. ही हिशेब लिहिण्याची जुनी रीत आहे. खतावणीत डावीकडे नावे, तिथे 'टू' लिहायचं. उजवीकडे जमा, तिथे 'बाय'.

आता इथे एक खोच आहे, जरा सावकाश वाचा. ऑडिटरने केलेलं गटाचं जमा-खर्च पत्रक इंग्रजीत असेल, तर त्यात बरोबर उलटं दिसतं. आलेल्या पैशापुढे 'टू', दिलेल्या पैशापुढे 'बाय'. ऑडिटर चुकलेला नसतो. पासबुक ही बँकेची वही आहे. आपण पैसे भरले की बँक आपल्या नावावर जमा धरते, म्हणून तिथे 'बाय'. जमा-खर्च पत्रक हे आपल्या वहीवरून केलेलं असतं, त्यात आलेला पैसा डाव्या बाजूला येतो, म्हणून 'टू'. म्हणजे आधी बघायचं, वही कोणाची? आणि तरीही शंका राहिली तर शिल्लक बघा. ती वाढली की पैसे आले, घटली की गेले.

असा हा शब्द जागेप्रमाणे रंग बदलतो. (कोकणातल्या मैत्रिणींना 'बाय' म्हटलं की आधी लेकच आठवेल, ती गोष्ट वेगळी!) मराठीत आपण असं काम करणारा शब्द नावाच्या मागे जोडतो: बसने, ताईंकडून, 10 तारखेपर्यंत. इंग्रजीत तो पुढे येतो, आणि या तिन्ही ठिकाणी 'बाय' एकटाच चालतो. 'बाय बस' म्हणजे बसने. 'बाय हँड' म्हणजे पोस्टाने नाही, हातोहात दिलेलं. 'चेक्ड बाय' म्हणजे कोणी तपासलं ते.

तारखेपुढे आला की मात्र सावध व्हा. हप्त्याच्या कागदावर 'बाय 10' असेल तर 10 तारखेला भरायलाच पाहिजे असं नाही, आधी भरला तरी चालेल. पण 11 ला उशीर झाला. काही कर्जांत व्याजाची सवलत वेळेवरच्या परतफेडीवर अवलंबून असते, तेव्हा तारीख सांभाळा.

त्याहून मोठा घोळ कर्जाच्या पत्रात होतो. समजा गटाची कर्जमर्यादा 2 लाख आहे. ती 'बाय 1 लाख' वाढवली असेल तर आता झाली 3 लाख. इथे 'बाय' म्हणजे 'ने', एक लाखाने वाढली. 'टू 3 लाख' असं लिहिलं असेल तरी तेवढीच, कारण 'टू' म्हणजे 'पर्यंत'. पण 'बाय 3 लाख' असेल तर मर्यादा 5 लाख झाली! सही करण्याआधी हे दोन शब्द कोणाकडून तरी नीट वाचून घ्या. लाजू नका, शिकलेली माणसंही इथे फसतात.

मापातला 'बाय' तर आपण रोजच बोलतो. 10 बाय 12 ची शेड म्हणजे एक बाजू 10 फूट, दुसरी 12, जागा 120 चौरस फूट. पण शाळेतली मुलं 'तीन बाय चार' म्हणतात तेव्हा चार भागांतले तीन. हॉटेलातलं 'वन बाय टू' सूप तसंच, एकाचे दोन वाटे.

पापड-मसाला करणाऱ्या गटांसाठी पाकिटावरचा 'बाय' महत्त्वाचा. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' पुढे माल बनवणाऱ्याचं नाव येतं, 'मार्केटेड बाय' पुढे विकणाऱ्याचं. माल गटाने केला आणि विकला महासंघाने, तर दोन्ही नावं आपापल्या जागी हवीत. तक्रार आली की आधी तीच बघतात. 'यूज बाय' पुढची तारीख ही खाण्याची शेवटची तारीख, त्यानंतर तो माल विकायचा नाही.

पुढच्या बैठकीला गटाचं पासबुक आणि घरातलं एखादं रिकामं पाकीट घेऊन या. 'बाय' शोधा, प्रत्येकाचा मराठी अर्थ वहीत लिहा. पासबुकाची शेवटची पाच पानं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. वाचायला या वेळी सचिवताई नकोत, दुसरी कोणीतरी उठा.