पाण्यावरची कला बघताना

१. कलाकार पाण्यापासून किती लांब उभा होता, ते आधी बघावं. नदीवरच्या विषारी फेसाचे फोटो फार देखणे येतात, आणि अशा देखणेपणावर माझा विश्वास नाही. अतुल भल्ला यांच्या २००५ च्या छायाचित्रमालिकेत ते स्वतःच यमुनेत उतरलेत. एकेका फोटोत डोकं थोडं थोडं पाण्याखाली जातं. दिल्लीत वझीराबादच्या बंधाऱ्याखाली नजफगडचा सांडपाण्याचा नाला यमुनेला मिळतो, हे ज्याला माहीत आहे तो ती मालिका श्वास रोखूनच बघतो.

२. नकाशा कुठल्या ऋतूत काढला, ते विचारावं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मग नाले उपसा, भिंती बांधा, मिठी नदी रुंद करा, हेच सुरू झालं. अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी २००९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘सोक’ हे प्रदर्शन मांडलं, ते या सगळ्याच्या मुळाशी जाणारं. मुंबई हे खाडीमुख आहे, असं त्यांचं म्हणणं. समुद्र इथे संपतो आणि जमीन इथे सुरू होते, ही रेघ इंग्रजांच्या सर्वेक्षकांनी उघडिपीत आखली. आषाढात ती कुठे सापडते? म्हणून त्यांनी वरून बघितलेल्या नकाशांपेक्षा उभ्या छेदांवर भर दिला. चिखल कुठवर, भरती कुठवर, माणसांची वस्ती कुठे, हे छेदात एकदम कळतं. माहीमहून वांद्र्याला जाताना लोकल मिठीवरून जाते. आता मी तिथे हटकून बघते, भरती आहे की ओहोटी.

३. कलेचा खर्चही विचारावा, पैशांचा नव्हे. ओलाफर एलियासन यांनी २०१५ च्या हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलंडचे बारा हिमखंड पॅरिसच्या चौकात आणून ठेवले. लोक बर्फाला हात लावत होते, कान लावत होते. एवढा बर्फ आणायला इंधन किती जाळलं, हा प्रश्न येणारच होता. त्यांनी साधारण तीस टन कार्बन डायऑक्साइडचा हिशोब जाहीर केला. मला तो हिशोबाचा कागद बर्फाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

४. नदीवरच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला प्यायचं पाणी कशातून देतात, तेही बघावं. बहुधा प्लास्टिकच्या बाटल्याच असतात.

५. ‘यात कला कुठे?’ असं ज्या कामाबद्दल विचारतात, तिथे जास्त वेळ थांबावं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये, कोंडागावच्या आसपास, आदिवासी कलाकारांच्या साथीनं हापशांभोवतीच्या जागा नव्यानं घडवल्या. त्या कामाचं नाव ‘नळपार’. भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना कंबरेत कळ येते, आणि चुंबळ सावरायला दुसरीचा हात लागतो. इथे हंडा मध्येच टेकवायला टप्पा आहे. भिंतींवर आकृत्या आहेत, त्याही छानच. पण फोटो बघताना माझं लक्ष त्या टप्प्यावरच जातं. तो किती उंच करायचा, हे ठरवायला पाणी वाहणाऱ्या बाईलाच विचारावं लागतं. तिचा खांदा कुठे येतो, हे कलाशाळेतल्या कुठल्या तासाला शिकवत असतील असं मला वाटत नाही.